सुट्टीआधी द्यायची भूल

बसा

दाताच्या डॉक्टरांचा सगळा धंदा एका शब्दावर चालायचा, आणि तो शब्द ते स्वतः कधीच उच्चारत नसत. तो पेशंटच्या तोंडून यावा लागे.

खुर्चीत माणूस बसला की डॉक्टर आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवत, चेहरा पाडून सांगत, "दुखणार आहे. खोटं कशाला बोलू? चांगलंच दुखणार आहे. डावा हात मोकळा ठेवा. अगदीच सहन झालं नाही तर वर करा, मी थांबेन." माणूस पांढराफटक पडायचा. मनातल्या मनात बायकोमुलांचा निरोप घ्यायचा. मग सुई, घरघर, चूळ. आणि ओठ पुसता पुसता तो शब्द यायचा.

"एवढंच?"

समोरच्या इमारतीतला दुसरा डॉक्टर पेशंटला "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं सांगायचा. त्याचे पेशंट गाल धरून, त्याचा उद्धार करत यांच्याकडे यायचे. दुखायचं दोन्हीकडे सारखंच. आधी काय सांगितलं, एवढाच फरक.

हे शहाणपण गेल्या वर्षी सुट्टीचं हॉटेल ठरवताना डॉक्टरांनी कुठे गहाण टाकलं होतं, कोण जाणे. "खोलीतून समुद्र दिसतो!" असं ते घरभर सांगत सुटले होते. दिसत होता. बाथरूममध्ये कमोडच्या झाकणावर उभं राहून, झरोक्याच्या जाळीला गाल लावून मान वाकडी केली की दिसत होता. सासूबाईंनी ते करून पाहिलं. बायको त्यांना शोधत आत गेली तेव्हा वरून शांत आवाज आला, "समुद्र आहे गं. आता मला खाली कोण उतरवतंय?"

मग सुट्टीभर तोच पाढा. सासूबाईंचा गुडघा, लेकीचा डास, पुन्हा गुडघा.

आणि ऐकायला कोण? बायको. ती पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते.

"हे बघ," यंदा ती म्हणाली, "वर्षभर मी लोकांचं रडगाणं ऐकते. पाणी आलं नाही. आलं तर गढूळ आलं. गढूळ आलं ते आलं, वर लवकर गेलं. आता सुट्टीत माझ्या कानावर एक तक्रार पडली, एकच, कुणाचीही, तर पुढच्या वर्षीपासून सुट्टी ताईकडे. कायमची."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. ताईकडे म्हणजे साडूंच्या बंगल्यावर. बंगला ऐसपैस, राहणं-खाणं फुकट, माणसं लोभस. पण त्या माणसांना दात होते. डॉक्टर एकदाच तिथे गेले होते. हातातला चहा संपायच्या आत साडूंची आत्या समोर येऊन बसली आणि तिने आ केला. "आलाच आहात तर." तिच्या मागे तिचे दीर. दिरांच्या मागे शेजारी. शेवटच्या दिवशी साडूंचे काका आपली कवळी वाटीत घेऊन आले, आणि वाटी त्यांनी डॉक्टरांच्या ताटाशेजारी ठेवली.

"एकही तक्रार येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मोठा आ करा

हॉटेल स्वस्तातलंच हवं होतं. स्वस्त आणि तळ्याकाठी, असं एक सापडलं. डॉक्टरांनी मॅनेजरला फोन लावला.

"खोल्या कशा आहेत?"

"स्वच्छ आहेत, साहेब."

"पाणी?"

"येतं."

"गरम?"

"तेही येतं."

"तळं दिसतं का? खरं सांगा. कशावर चढावं लागतं का?"

"तळं समोरच आहे, साहेब. कुठे जाणार ते?"

मॅनेजरचा आवाज तोंडात कापसाचा बोळा धरल्यासारखा येत होता. डॉक्टरांच्या मनात सवयीने येऊन गेलं, उजवी, खालची, मागून दुसरी. पण सुट्टीचा विषय चालला होता, म्हणून ते काही बोलले नाहीत.

त्यांनी दोन शेजारशेजारच्या खोल्या पक्क्या केल्या. हॉटेल उघड उघड बरं होतं. आता फक्त ते बरं आहे हे घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

रात्री जेवताना त्यांनी चेहरा पाडला. तोच, खुर्चीजवळचा.

"हॉटेल ठरलंय. पण आधीच सांगतो. दुखणार आहे."

"काय दुखणार आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"सगळंच, आई. पाणी थेंबथेंब येतं. खाटा कुरकुरतात. भिंती पातळ आहेत."

लेकीने मान वर केली. तिला घरात सगळे खारू म्हणत. पुढचे दोन दात बाकीच्या चेहऱ्याच्या आधी येऊन पोचले होते आणि आता त्यांना तार लावलेली होती. "पाली आहेत?"

"असणारच."

"खूप?"

"खारू, जेव," बायको म्हणाली. नवऱ्याकडे तिने जरा जास्तच वेळ पाहिलं. खिडकीवर बसणाऱ्या बाईला, कोण रडतंय आणि कोण रडायचं नाटक करतंय, हे बघताक्षणी कळतं.

डॉक्टरांचं मात्र सासूबाईंकडे लक्ष नव्हतं. असतं, तर त्यांनी तिथेच तोंड मिटलं असतं.

कारण सासूबाईंचे डोळे चमकले होते.

थोडं टोचेल

सासूबाई निवृत्त होईपर्यंत मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. तुंबलेल्या मोऱ्या, गेलेले फ्यूज, आतून अडकलेली दारं, यांवर त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. लेकीकडे राहायला आल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते. लेकीच्या घरात काही बिघडतच नसे. एकदा फ्रीज बंद पडला तेव्हा त्या गालात हसल्या होत्या, पण तो कंपनीच्या माणसाने येऊन दुरुस्त केला आणि त्या दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत.

भुलीचं इंजेक्शन एकदाच द्यायचं असतं. डॉक्टरांना हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण सासूबाई रोज विचारायच्या, "आणखी काय काय वाईट आहे तिथे?" आणि डॉक्टरांना वाटायचं, चला, एक डोस आणखी. मग दाराची कडी लागत नाही असं झालं, मग मोरी उलटी वाहते असं झालं, मग दिवे मिणमिणते, पांघरुणांना वास, उशांत काय भरलंय ते देवाला ठाऊक, तळं आहे पण त्यावर शेवाळाची साय धरलेली, शेवाळाला बेडूक, बेडकांना घसा, आणि मॅनेजर म्हणजे निव्वळ ठोंब्या, असं होत होत ते हॉटेल निघायच्या आदल्या दिवसापर्यंत इतकं भीषण झालं की खुद्द डॉक्टरांनाच रात्री दचकून जाग आली.

सामान बांधलं गेलं. सासूबाईंच्या बॅगेत एक साडी आणि दोन पक्कडी होत्या. शिवाय खिळे, दोरी, टेस्टर, बल्ब, टॉर्च, फिनेलची बाटली, दाराखाली सरकवायची लाकडी पाचर आणि मोरी मोकळी करायचा रबरी पंप. पंप बॅगेत मावेना, म्हणून त्यांनी तो हातात धरला.

"आजी, मैत्रिणींना सांगितलंय मी," खारू म्हणाली. "पाल छतावरून अंगावर पडते तो व्हिडिओ आणणार आहे मी."

"पडेल, पडेल," आजी म्हणाली. "धीर धर."

सुन्न झालं का?

खोलीचं दार मॅनेजरने उघडलं. लोण्यात सुरी जावी तसं ते उघडलं.

पांढऱ्या चादरी. मोठ्या खिडक्या. खिडकीत तळं, सबंधच्या सबंध, स्वच्छ, त्यावर एक होडी. कुणाला कशावर चढायची गरज नव्हती.

डॉक्टर हात मागे बांधून उभे राहिले. आता तो शब्द येणार होता. घरच्यांच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता त्यांनी. कान टवकारून ते वाट बघत राहिले.

सासूबाईंनी खाटेवर बसून पाहिलं. उठल्या. पुन्हा बसल्या, या खेपेस जोरात. खाट गप्प. त्या बाथरूममध्ये गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो आवाज चांगला दणदणीत होता. मोरीत बादली ओतल्याचा आवाज आला. पाणी सुर्रकन निघून गेलं. फ्लश दोनदा ओढला गेला. दोन्ही वेळा चालला.

बाहेर येऊन त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. पंप त्यांच्या मांडीवर होता.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

शब्द तोच होता. सूर मात्र फसवलं गेलेल्या माणसाचा होता.

"बाबा, पाली कुठायत?" खारूने कपाटामागे टॉर्च मारला होता. "एकपण नाहीये. तुम्ही म्हणाला होतात."

"येतील गं," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी."

"तुम्ही दरवर्षी असंच करता. गेल्या वर्षी समुद्र, या वर्षी पाली."

सासूबाईंनी खोल श्वास घेतला. त्यांची तक्रार आधी नाकातून निघते, मग तोंडातून, हे डॉक्टरांना माहीत होतं. नाकातून निघाली होती. बायको खिडकीशी पाठमोरी उभी राहून तळं बघत होती, पण तिचे कान या बाजूला होते.

"जावईबापू," सासूबाईंनी सुरुवात केली, "मी काय म्हणते..."

"आलो!" डॉक्टर ओरडले आणि खोलीबाहेर पळाले.

दुखलं तर हात वर करा

मॅनेजर टेबलाशी बसला होता. उजव्या गालाला रुमाल.

"मला एक वाईट खोली हवी," डॉक्टर म्हणाले.

"काय झालं साहेब? काही कमी आहे का?"

"तेच तर. काहीच कमी नाहीये."

मॅनेजरने गालावरचा रुमाल काढला.

"तुमच्याकडे एखादी बिघडलेली खोली असेलच ना? नळ ठिबकणारी? दार घासणारी?"

"साहेब, हे बोलू नका." मॅनेजर उभा राहिला. त्याच्या आवाजात दुखावल्याचा ओलावा होता, गालामुळे जरा जास्तच. "मी इथे आलो तेव्हा लोक आत येऊन, वास घेऊन परत जायचे. एकेक खोली हाताने घासली मी. आणि तुम्ही पहिलं गिऱ्हाईक, मला म्हणता..."

"माझा तुमच्यावर राग नाही हो. माझी सासू आहे."

"अच्छा, अच्छा," मॅनेजर खाली बसला. त्यालाही असावी.

"एकही नाही का अशी?"

मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं. आवाज उतरवला. "मागे एक आहे. पण ती बंद ठेवलीय. नळ रात्रंदिवस ठिबकतो. दार उचलून लावावं लागतं. मोरी तुंबते. खिडकीची खिट्टी हातात येते."

"पाली?"

"त्यांचीच आहे ती."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "द्या."

"नाही देणार. माझी अब्रू आहे साहेब. त्या आजी बाहेर जाऊन चार लोकांना सांगतील."

"त्या खूश होऊन सांगतील!"

"नाही म्हणजे नाही." आणि हे म्हणताना दातावर दात पडला असावा, कारण मॅनेजर टेबलाला धरून कळवळला.

डॉक्टरांनी तळ्याकडे तोंड फिरवलं. तळ्यावरून वारा आला. घरापासून इतक्या लांब ते कशासाठी आले होते? लोकांच्या तोंडात बघायला लागू नये म्हणून. साडूंची आत्या, आत्याचे दीर, वाटीतली कवळी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

मग त्यांनी बाह्या सरसावल्या.

"उजवी, खालची, मागून दुसरी," ते म्हणाले. "आ करा. आणि खोलीची किल्ली टेबलावर काढून ठेवा."

हत्यारं नव्हती, टॉर्च वर खारूकडे होता, म्हणून मॅनेजरचं तोंड त्यांनी खिडकीतल्या उन्हाकडे वळवलं. दाढ किडली होती, हिरडी सुजली होती. कुठली गोळी घ्यायची, कोमट पाण्याने कशा चुळा भरायच्या आणि शहरात जाऊन काय करून घ्यायचं, ते त्यांनी सांगितलं. "खूप दुखेल," हेही सांगितलं.

थोड्या वेळाने मॅनेजर खोलीच्या दारात उभा राहिला. चेहरा त्याला वेगळा पाडावा लागला नाही.

"आजी, माफ करा. घोटाळा झालाय. ही खोली चुकून दिली तुम्हाला. तुमची मागे आहे. पण ती... कशी सांगू..."

"किती वाईट आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"फार."

"माणूस राहू शकेल?"

"मला नाही वाटत."

सासूबाई पंप टेकून उभ्या राहिल्या. "खारू, टॉर्च घे," त्या म्हणाल्या.

पुढचे!

तिथून पुढे मागच्या खोलीत ठोकाठोकीचे आवाज येत राहिले. सासूबाईंनी पदर खोचून पहिल्या दिवशी दार रुळावर आणलं. दुसऱ्या दिवशी मोरीत हात घातला आणि आतून केसांचा एक मोठाच्या मोठा बोळा काढून तो मॅनेजरला दाखवला, मासा धरल्याच्या थाटात. नळाचा वायसर मुद्दाम शेवटी ठेवला. खारूने एकेका पालीला नाव दिलं आणि एक थोरली पाल खरंच आजीच्या पिशवीवर पडली तेव्हा दोघी इतक्या ओरडल्या, इतक्या हसल्या, की तळ्यावरच्या होडीतला माणूस वल्हं मारायचा थांबला.

तक्रार? छे.

बायको पुढच्या खोलीच्या व्हरांड्यात पाय लांब करून बसली होती. दिवसचे दिवस तिच्या कानावर लाटा आणि मागची ठोकाठोक यांखेरीज काही पडलं नव्हतं. ती बदलत चालली होती. कपाळावरची आठी, जी लग्नाआधीपासून होती, ती गेली होती.

आणि डॉक्टर?

मॅनेजरच्या गालाची सूज उतरली. त्याने ही गोष्ट स्वयंपाक्याला सांगितली. सकाळी डॉक्टर चहा आणायला गेले, तर स्वयंपाक्याने किटली खाली ठेवली आणि आ केला. परत येताना वाटेत माळी भेटला. माळ्याला स्वतःला काही नव्हतं, पण त्याने मेव्हण्याला बोलावून ठेवलं होतं. धोबी आला. होडीवाला आला. तो म्हणाला, फेरी फुकट देतो, आणि तळ्याच्या मधोमध, जिथून पळता येत नाही, तिथे त्याने वल्ही आत घेतली.

"आलाच आहात तर," तो म्हणाला.

डॉक्टर हूं की चूं न करता बघत गेले. त्यांच्यातल्या एकाने मॅनेजरकडे तक्रार केली असती तर खोली गेली असती, खोली गेली असती तर सासूबाई बिथरल्या असत्या, आणि सासूबाई बिथरल्या की पुढे साडू उभे.

चूळ भरा

शेवटच्या दिवशी सकाळी धोब्याची आई येऊन गेली. तिने कवळी आणली होती. वाटीत.

डॉक्टर व्हरांड्यात आले, खुर्चीत कोसळले. समोर तळं चमकत होतं. त्यांनी ते या खेपेला पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि कुठल्या तरी खोल जागेवरून एक वाक्य वर यायला लागलं. ते घशापर्यंत आलं. तोंड उघडलं.

"सुट्टीवर येऊनसुद्धा माणसाला..."

शेजारच्या खुर्चीत बायकोचा कप ओठांपाशी थांबला.

"माणसाला काय?" तिने विचारलं. एकदम गोड. हा तिचा खिडकीवरचा आवाज होता. "बोल ना. मी कुणाचीही म्हटलं होतं. त्यात तूही आलास."

डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं. मिटावं, तर अर्धं वाक्य बाहेर पडलेलं. पुढे बोलावं, तर साडू. मग उघड्या तोंडाला जे एकच कारण त्यांना माहीत होतं ते त्यांनी दिलं.

"माणसाला... दाढ दुखू शकते," ते म्हणाले. "काही नाही. जरा ठणकतेय."

"दाढ?" आवाज मागून आला. सासूबाई वायसर बदलून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. खोलीत आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि त्यांच्या हातात अजून टॉर्च होता. "बघू."

"नको, आई, मी स्वतः..."

"स्वतःच्या तोंडात कुणाला बघता येतं का? वसतिगृहात मुली रात्री-बेरात्री माझ्याकडेच यायच्या. आ करा."

डॉक्टरांनी आ केला. खारूही धावत आली. सासूबाईंनी त्यांचं टक्कल धरून तोंड उजेडाकडे वळवलं, टॉर्च आत रोखला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडायला लागला.

"इथे तर काहीच नाही," त्या म्हणाल्या. आणि नाकातून श्वास घेतला.

"आहे, आहे!" डॉक्टर आ तसाच ठेवून ओरडले. "खाली, मागे! नीट बघा! फार दुखतंय!"

सासूबाई पुन्हा वाकल्या. खूप वेळ वाकून राहिल्या.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज तरुण झाला. "खारू, ये, बघ. खड्डा! केवढा! दाताच्या डॉक्टरांच्या दाढेत!"

"खोटं," डॉक्टर म्हणाले. म्हणजे तोंडात बोटं असताना जेवढं म्हणता येतं तेवढं.

"खोटं कशाला बोलू? हा बघा." त्यांनी केसांतली पिन काढली, पदराला पुसली. "जरा टोकरून बघते. दुखेल हं. चांगलंच दुखेल. नाही सहन झालं तर हात वर करा."

"पण हात वर केला तर ती तक्रार धरीन मी," बायको म्हणाली. तिने कप खाली ठेवला आणि खुर्ची नवऱ्याच्या बाजूला वळवली. एवढी मजा तिला सबंध सुट्टीत आली नव्हती.

पिन आत गेली. खड्डा खरंच होता.

डॉक्टरांचे डोळे तळ्याएवढे झाले. त्यांचा डावा हात, वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे हात बघून शिकलेला, आपोआप उठला. कोपरापर्यंत उठला. खांद्यापर्यंत उठला. बायकोने भुवया उंचावल्या. पार वर जाऊन तो हात एक क्षण हवेत तसाच उभा राहिला.

मग तो सावकाश खाली आला, डोक्यावर टेकला, आणि डॉक्टरांनी अगदी काळजीपूर्वक, मधोमध भांग पाडून, आपले केस नीट केले.